भट्टीचा पंखा दम धरेना, भांडं फुटलं, ऐरण बसली: काय दुरुस्त करावं, काय बदलावं?

खाडीकाठ
देवगड तालुक्यातली भट्टी आहे, खाडीपासून जेमतेम दोनशे मीटरवर. काम कोयत्या, विळे आणि कुदळी-पहारींची झिजलेली टोकं परत ओढून देण्याचं. आजची स्थिती अशी:

पंखा हाताने फिरवायचा, गियरवाला. खरखर वाजतो आणि वारा कमी पडतो. एक पातं लाल व्हायला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो.

जाळाचं बीडाचं (ओतीव लोखंडाचं) भांडं तळापासून काठापर्यंत चिरलंय. गरम झालं की चीर रुंदावते, सुपारी कापायच्या अडकित्त्याचं पातं जाईल एवढी.

कट्टा जांभ्याच्या चिऱ्यांचा. भांड्याभोवतीची माती दर पावसाळ्यानंतर ढलप्यांनी सुटते.

ऐरण मधोमध ४ मिमी बसलीय, एका बाजूची धार तुटलीय.

कोळसा मिश्र, थोडा दगडी, थोडा करवंटीचा. लाईटवरचा ब्लोअर घ्यावा असं सगळेच सांगतात. सगळं एकदम बदलणं परवडणारं नाही आणि मिरगाच्या आत भट्टी उभी हवी. सुरुवात कुठून करावी?

ठिणगी
ब्लोअर घ्यायच्या आधी वारा जातोय कुठे ते बघा. ‘पंखा गेला’ म्हणून आलेल्या भट्ट्यांत पंखा बरा आणि वाट बंद, हेच जास्त वेळा निघतं. या क्रमाने तपासा:

१. भट्टी थंड असताना पंख्यापासून पाइप सोडवा आणि पंखा मोकळा फिरवा. तोंडाशी हात धरला की वारा जोरात लागला, तर दोष पुढे आहे.

२. पाइप परत जोडा. प्रत्येक सांध्याभोवती पेटती उदबत्ती फिरवा, दुसऱ्याने पंखा फिरवायचा. धूर उडाला तिथे गळती. खाऱ्या हवेत पाइपाला खालच्या अंगाने भोकं पडतात, कारण राख आणि ओल तिथेच साचते. वरून रंग दिसतो म्हणून फसू नका, खालून स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा.

३. राख पाडायची खालची झडप नीट मिटते का? तिच्यात अडकलेला एक खडा अर्धा वारा खाली सोडतो.

४. भांड्याच्या तळाची जाळी काढून बघा. दगडी कोळशाचं कीट वितळून जाळीच्या फटींत बसतं आणि काचेसारखं घट्ट होतं. फटी अर्ध्या बुजल्या की वारा अर्धा.

यात काही सापडलं नाही तरच पंखा उघडायचा.

गंजमास्तर
ठिणगी यांच्याशी सहमत, पण खरखर आहे म्हणजे पंखा उघडावाच लागेल. हँडल जोरात फिरवून सोडून द्या. चांगला पंखा नंतरही काही सेकंद आपल्या आपण फिरत राहतो. सोडल्या-सोडल्या थांबला तर बेअरिंग गेली किंवा पातं कवचाला घासतंय.

कवच उघडल्यावर तळाशी गंजाची पूड सापडेल. ती काढा, पात्यांवरचा थर तारेच्या ब्रशने साफ करा. दोन पात्यांवरचा गंज कमी-जास्त असेल तर तोल जातो आणि पंखा थरथरतो, म्हणून सगळी पाती सारखीच घासायची. बेअरिंगचा नंबर बाहेरच्या कड्यावर असतो. तोच नंबर घ्या, पण ‘झेडझेड’ नको, ‘टू आरएस’ मागा. पहिल्याला दोन्हीकडे पत्र्याची झाकणं, दुसऱ्याला रबराची. किनाऱ्यावर पत्र्याच्या फटीतून खारी ओल शिरते. बेअरिंग बसवताना ठोका आतल्या कड्यावर द्यायचा, दांड्यावर चढवताना बाहेरच्या कड्यावर मारलं तर गोळ्यांना खड्डे पडतात आणि नवी बेअरिंग पहिल्याच दिवशी खरखरते.

गियरच्या पेटीत २० किंवा ३० ग्रेडचं साधं इंजिन ऑइल, सर्वांत खालचा गियर थोडा बुडेल इतकंच. ९० चं घट्ट गियर ऑइल घातलं तर हँडल जड होतं आणि दात झिजले असं उगाच वाटतं. या पेट्यांना सील नसतं, दांड्यातून थोडं तेल पाझरणारच. ती गळती बंद करायला एम-सील थापू नका, पुढच्या वेळी पेटी उघडायची नाही.

माडाखाली
पंखो विकूक काढू नको हां. आमच्याकडे जूनात लाईट गेली काय दोन-दोन दीस येणा नाय. लाईटचो ब्लोअर घेतलंस तरी हाताचो पंखो बाजूक बसवून ठेव. पाइपाक वाय (दोन फाट्यांचो जोड) घाल, दोन्हीकडे झडप.

सांडस
माडाखाली यांची वाय-पाइपाची कल्पना उत्तम, फक्त बंद पंख्याकडची झडप मिटलेली असलीच पाहिजे. नाहीतर एकाचा वारा दुसऱ्यातून बाहेर.

आता भांडं. बीडाच्या भांड्याची चीर वेल्डिंगने टिकेल ही आशा सोडा. निकेल रॉडने बीड जुळतं हे खरं, पण ते पंपाचं कवच, मशीनचा पाया अशा थंड राहणाऱ्या वस्तूंत. इथे भांड्याचा तळ रोज लालबुंद होतो आणि रोज थंड होतो. जोडाच्या शेजारचं बीड कडक व ठिसूळ झालेलं असतं, पुन्हा तिथेच तडकतं. पितळी जोड तर जाळातच वितळेल.

चीर कशाने पडली, तेही बघा. बहुतेक वेळा संध्याकाळी जाळ विझवायला ओतलेलं पाणी हेच कारण. कोळसा बाहेर ओढा, भांडं आपोआप निवू द्या. पाणी मारायचंच तर बाजूला काढलेल्या कोळशावर.

नवं भांडं दोन प्रकारे होतं. ओतीव हवं तर कोल्हापूरला उद्यमनगर, शिरोली पट्ट्यात ओतकामवाले आहेत. जुनं भांडं नमुना म्हणून दिलं तर चालतं, पण चीर आणि झीज आधी लांबीने (पुट्टीने) भरून द्या, नाहीतर नव्यातही ती उमटते. शिवाय बीड थंड होताना साधारण १ टक्का आकसतं, ३०० मिमीला ३ मिमी. कट्ट्यात घट्ट माप असेल तर ओतणाऱ्याला आधी सांगा.

घाई असेल तर १० मिमी एमएस (साधं पोलाद) प्लेटचं बनवा. तोंड ३०० × २५० मिमी, तळ १२५ × १०० मिमी, खोली १०० ते ११०. चार तिरप्या बाजू, वेल्डिंग बाहेरून. प्लेट ८-९ किलो लागते, कापातली नासाडी धरून १२ किलो सांगा. जाळी सुटी ठेवायची, भांड्याला वेल्ड करायची नाही, कारण तीच आधी जळते. जाळीला पाच फटी, प्रत्येकी ८ मिमी रुंद आणि ६० मिमी लांब. बेरीज २४०० चौरस मिमी, म्हणजे दोन इंची पाइपाच्या पोटाएवढी (सुमारे २२००). यापेक्षा बारीक फटी ठेवल्या तर पंखा कितीही चांगला असो, वारा गळ्यातच अडकतो. मोठ्या ठेवल्या तर करवंटीचा कोळसा खाली गळून पडतो.

चिरेखाण
टेम्पोचा जुना ब्रेक ड्रम का नको? भंगारात मिळतो, तोही बीडाचाच.

सांडस
चालतो, पण तसाच वापरू नका. त्याच्या भिंती सरळ उभ्या आणि तळ रुंद व सपाट. जाळ पसरतो, मधे जमत नाही, कोळसा दुप्पट खातो. तळाच्या मोठ्या भोकावर वर सांगितली तशीच जाळी बसवा आणि बाजू अग्निमातीने (फायर क्ले) तिरप्या करून घ्या, म्हणजे पोट तळाकडे निमुळतं होईल.

खोलीचं गणित कशाला, तर पात्याच्या खाली किमान १०० मिमी पेटता कोळसा हवा. वाऱ्यातला प्राणवायू तेवढ्या थरात जळून संपतो. थर कमी असेल तर उरलेला प्राणवायू लोखंडाला लागतो, पापुद्रे सुटतात आणि पात्याची धार जाळातच पातळ होते. उथळ भांड्याला लोक ‘वारा कमी’ समजून पंखा वाढवतात, त्याने पापुद्रे आणखी वाढतात.

जुनापाइप
पाइप बदलणार असाल तर एक धोका. दुकानदार जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पुढे करतो, ‘गंजत नाही’ म्हणून. भांड्यापासून पहिले दोन फूट तरी जीआय नको. जस्त तापलं की पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. काळा एमएस पाइप घ्या, ५० मिमीचा, हेवी म्हणजे सी-क्लास. त्यावर लाल पट्टी असते, निळी पट्टी मीडियमची, पिवळी लाइटची. हेवीची जाडी साडेचार मिमी, मीडियमची साडेतीनच्या थोडी वर. खारट हवेत हा एक मिमी बराच काळ देतो. पंख्याकडचा थंड भाग जीआय असला तरी हरकत नाही.

चिरेखाण
कट्ट्याबद्दल माझं क्षेत्र. जांभा बाहेरच्या अंगाला राहू द्या, तो काढायची गरज नाही. पण जाळाला जांभ्याचं तोंड लागता कामा नये. चिरा पावसाळाभर पाणी पितो आणि पहिल्या मोठ्या जाळात ती वाफ बाहेर पडताना थर फोडून निघते. शिवाय त्यात लोहाचा अंश भरपूर, तो फार तापला की मऊ पडतो.

भांड्याभोवती फायर ब्रिक पसरा. आयएस ८ या मानकाची, हाय हीट ड्यूटीची मागा. आयएस ६ ची मॉडरेट असते, ती भांड्यापासून लांबच्या ओळीत चालेल. माप २३० × ११५ × ७५ मिमी, वजन चार किलोच्या आसपास. ९०० × ७५० मिमी कट्ट्याला भांड्याचं तोंड वजा जाता २३ विटा, तूटफूट धरून २६.

आता तुमची माती दर वर्षी का सुटते. माझा अंदाज दोन कारणांचा.

पहिलं, सिमेंट मिसळलंय का? साध्या सिमेंटमधला चुना चार-साडेचारशे अंशांच्या वर मोडतो. जाळ चालू असेपर्यंत काही दिसत नाही. जूनमध्ये भट्टी बंद राहिली की तोच चुना हवेतली ओल पिऊन फुगतो आणि थर भुगा होऊन पडतो.

दुसरं, वाळू कुठली? किनाऱ्यावरची असेल तर त्यात शिंपल्यांचा चुरा असतो. तो भाजून चुनकळी होते आणि ओल लागली की तीच फुगते. ढलपी उचलून बघा, मागे पांढरा ठिपका दिसेल. त्या वाळूतलं मीठ मातीला लवकर वितळवतं ते वेगळंच.

लिंपणाचं प्रमाण: फायर क्ले १ भाग, फुटक्या फायर ब्रिकची चाळलेली पूड २ भाग. पुडीत मोहरीच्या दाण्यापासून रव्यापर्यंत सगळे दाणे असू द्यात. पाणी इतकंच की मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि हाताला चिखल लागू नये. जास्त पाणी म्हणजे जास्त चिरा. विटांचे सांधे २ मिमीपेक्षा जाड नकोत. वीट आधी पाण्यात बुडवून घ्या, नाहीतर ती सांध्यातलं पाणी शोषते आणि माती धरत नाही. हे काम एप्रिल-मेमध्येच. पाऊस लागल्यावर लिंपलेलं वाळत नाही.

खाडीकाठ
ढलपीमागे पांढरे ठिपके आहेत! वाळू किनाऱ्याचीच होती.

उदबत्ती फिरवली. दोन सांधे गळतात, एक तर पार उघडा. जाळीच्या सातपैकी तीन फटी कीटाने बंद. वारा का कमी त्याचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं. आता ऐरणीचं सांगा. ओतीव आहे, साधारण ४० किलो. वेल्डर म्हणतो, वरून भरून देतो.

रुळावरचा
आधी ऐरण कशाची आहे ते ठरवा. हातोडीने हलकेच टिचकी मारा. बीडाची असेल तर ‘ठप’ असा मेलेला आवाज येतो, पोलादी असेल तर खणखणते. मग २५ मिमीची बेअरिंगची गोळी २५० मिमीवरून सोडा, मागे पट्टी धरा. १७५ मिमी किंवा जास्त उसळली तर तोंड चांगलं कडक. १२५ च्या खाली आली तर तोंड मऊ. चार-पाच ठिकाणी बघा, मधला भाग आणि कडा वेगळं बोलतात.

बीडाची निघाली तर भरून काही उपयोग नाही. पोलादी असेल तरी ४ मिमीच्या खड्ड्यासाठी वेल्डिंग करू नका, असं माझं स्पष्ट मत. वाकडं पातं सरळ करायला तो थोडा खोलगट भाग उपयोगीच पडतो. सपाट तुकडा हवाच असेल तर टोकाकडचा वापरा. तुटलेली धार ग्राइंडरने ४-५ मिमीच्या गोलाईला आणा. टोकदार कड तशीही पात्यात खाच पाडते आणि कोयती पुढे तिथूनच मोडते. वरचं तोंड मात्र ग्राइंडरने सपाट करू नका. कडक थर जातो आणि खाली मऊ लोखंड उघडं पडतं.

ठिणगी
आणि तरीही वेल्डिंग करायचंच झालं तर वेल्डरला तीन प्रश्न विचारा. ऐरण आधी किती तापवणार? २०० ते २५० अंश हवी, सगळीच्या सगळी. फक्त वरून गॅस फिरवून भागत नाही, आतला थंड गठ्ठा ती उष्णता लगेच ओढून घेतो. रॉड कोणता? खाली ७०१८ नंबरच्या रॉडचे थर, वरचा शेवटचा थर हार्डफेसिंगचा (कडक तोंड देणाऱ्या रॉडचा). रॉड भाजून घेणार का? हा प्रश्न आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचा. ७०१८ चं वेष्टण दमट हवेतली ओल पितं, त्या ओलीतला हायड्रोजन जोडात शिरतो आणि जोड दोन दिवसांनी आपोआप तडकतो. उघड्या पुड्यातले रॉड २६० अंशांच्या वर दोन तास भाजून गरमच वापरायला हवेत. घरचा ओव्हन तिथपर्यंत जात नाही, रॉडची भट्टी लागते. ‘उन्हात वाळवतो’ म्हणाला तर हात जोडा आणि ऐरण घरी आणा. वेल्डिंग झाल्यावर राखेत गाडून रात्रभर निवू द्यायची.

रुळावरचा
बदलायची वेळ आली तर रुळाचा तुकडा हा स्वस्त मार्ग. आडवा ठेवू नका. आडव्या रुळाचं मधलं पातळ पोट स्प्रिंगसारखं लवतं आणि घणाची ताकद खातं. उभा करा. ६० किलो प्रतिमीटरचा ६०० मिमी तुकडा ३६ किलोचा होतो, त्यातला निम्मा ओंडक्यात गाडला की कोयतीच्या कामाला पुरतो. वरचं टोक अगदी काटकोनात कापून घासून घ्या. फक्त रूळ पावतीवरच घ्या. रेल्वेचा माल विनापावती सापडला तर रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा ताब्याचा १९६६ चा कायदा लागतो, आणि ‘भंगारवाल्याने दिला’ हे तिथे पुरत नाही.

माडाखाली
ओंडक्याक वाळवी लागता. आईन किंवा बाभळीचो घे, दोन फूट जमिनीत. गाडूच्या आधी खालच्या भागाक काजीच्या टरफलाचा तेल दोनदा लाव, होडयेक लावतत तसा. हातमोजे घाल, नायतर कातडी भाजता. ऐरणीची उंची मुठीच्या पेरांपर्यंत, उभ्याने हात खाली सोडून मोजायची.

गंजमास्तर
लाईटचा ब्लोअर पुढेमागे घ्यालच, म्हणून एक इशारा आत्ताच. दगडी कोळसा धुमसत असताना ब्लोअर बंद केला की कच्चा वायू पाइपात मागे उतरतो. पुन्हा चालू केला की ‘भक्क’ करून पाइपात पेटतो, झडप उडते, कधी ब्लोअरचं कवच फाटतं. थांबायचं झालं तर राखेची खालची झडप उघडून ठेवा किंवा अगदी बारीक वारा चालू ठेवा.

वारा कमी करायला ब्लोअरच्या तोंडावर सरकती पट्टी बसवा. मोटर त्याने जळेल ही भीती खोटी आहे. या जातीच्या पंख्याला वारा अडला की भार कमीच होतो. मोटर जळते ती कमी व्होल्टेजने आणि ओलीने. पावसाळाभर पडून राहिलेली मोटर गणपतीनंतर सरळ चालू करू नका. खोक्यात १०० वॉटचा बल्ब लावून दोन दिवस वाळवा, वायरमनकडून मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) तपासून घ्या. १ मेगओहमच्या खाली असेल तर आणखी वाळवा.

आणि करवंटीच्या कोळशाला दगडीच्या निम्माही वारा लागत नाही. तुकडे हलके, जोर दिला की उडून कौलांपर्यंत ठिणग्या जातात.

जुनापाइप
विषय निघालाच आहे तर: चामड्याचा भाता कुणाकडे पडून असेल तर टाकू नये. चामडं तडकलं असेल तर कोमट एरंडेल आतून-बाहेरून, पावसाच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा. नवं चामडं दीड-दोन मिमी जाडीचं, मऊ कमावलेलं. खिळे लोखंडी नकोत, गंजाने चामडं काळं पडून खिळ्याभोवतीच फाटतं. पितळी किंवा तांब्याचे, २० ते २५ मिमी अंतरावर, आणि खाली चामड्याचीच एक पट्टी. आतली झडप नीट मिटत नसेल तर भाता उघडताना जाळाचा गरम वायू आत ओढतो आणि चामडं आतून करपतं. आधी ती झडप बघा.

खाडीकाठ
ठरलं ते असं: पाइप आणि सांधे नवे, पंख्याला बेअरिंग आणि तेल, भांडं १० मिमी प्लेटचं, २६ विटा, वाळू बाद. ऐरणीची गोळी १८० ते १९० मिमी उसळली, कडेला १७०, म्हणजे फक्त धार गोल करायची. ब्लोअर पुढच्या वर्षी.

शेवटचं विचारतो. भांडं विटांमध्ये घट्ट बसवायचं की सैल? आणि पहिला जाळ कधी?

चिरेखाण
सैल. ३०० मिमीचं पोलाद लाल होताना अडीच मिमीच्या आसपास वाढतं. घट्ट बसवलं तर ते विटांना ढकलतं आणि सांधे उघडतात. भोवती ४ मिमी फट सोडा आणि ती चाळलेल्या राखेने भरा. राख खाली गळली तर वरून परत टाकायची.

लिंपण सात दिवस सावलीत. वारं लागू द्या, ऊन नको. मग नारळाची सोडणं आणि चुडतांचा (सुक्या झावळ्यांचा) लहान जाळ, पहिल्या दिवशी दोन तास, दुसऱ्या दिवशी चार, पंखा न फिरवता. जाळाच्या वर थंड पत्रा धरा. खालच्या बाजूला दव जमलं तर आत पाणी आहे, अजून एक दिवस तसाच लहान जाळ. पत्रा कोरडा राहिला की कोळसा घाला. केसाएवढ्या चिरा दिसतील, त्या राहू द्या. नख अडकेल अशी असेल तर तेवढीच ओली करून त्याच मिश्रणाने दाबा.